ओळखीतला ळ

डबा वाजत होता.

गाडीतल्या बाकी सगळ्यांना आम्ही गप्प बसवलं होतं. ताटांच्या मध्ये फडकी, पातेल्यात माझी जुनी ओढणी, चमच्यांच्या खणात कापूस, शेगडीखाली रबराचा तुकडा. राहायची गाडी म्हणजे चाकांवरचं घर, आणि चाकांवरचं घर दर खड्ड्याला काहीतरी बोलतं, हे मला आधी माहीत नव्हतं. एकच वस्तू मी गप्प होऊ दिली नाही. कडीचा तो स्टीलचा डबा माझ्या मांडीवर होता आणि कोइमतूर सोडल्यापासून वाजत होता.

"गुंडाय त्याले एखाद्या टावेलात," हे म्हणाले. "डोक्यात जाऊन राह्यला तो माह्या."

"वाजू द्या," मी म्हटलं.

यांचं काही चुकत नव्हतं. ड्रायव्हर माणूस निम्मी गाडी कानानं चालवतो. मालकाची कॅम्पर गाडी घेऊन हे लोकांना उटीच्या डोंगरात फिरवतात, मागे पलंग, बेसिन, छोटी शेगडी. यंदा दिवाळीच्या गर्दीआधी गाडी रिकामी होती तेव्हा मालकच म्हणाले, सगळ्या जगाला फिरवतोस, एकदा बायकोला फिरवून आण. त्या माणसाचे मी किती उपकार मानू! चावी हातात आली त्या दिवसापासून मात्र मला झोप नाही. गॅसचं बटण बंद आहे ना, दार लागलंय ना, ब्रेक बरे आहेत ना. हे हसतात. म्हणतात, तू बसली की गाडीले बी घाम फुटते.

सिंदखेडराजाच्या जुन्या दगडी कमानी मागे गेल्या आणि आमचा जिल्हा लागला तो आधी नाकाला. सोयाबीनची मळणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी भुशाचा पिवळा धुरळा उडत होता, कोरडा, भाजक्या शेंगांसारखा वास. माझ्या लहानपणी हा वास नव्हता. तेव्हा आश्विनाचा वास म्हणजे हिरव्या ज्वारीच्या ताटांचा, गेरूचा, आणि कोनाड्यात बसलेल्या मातीच्या भुलाबाईचा. ती पूर्ण वाळलेली नसायची. तिच्याजवळ तोंड नेलं की पहिल्या दिवशी विहिरीसारखा गारवा लागायचा.

मी वरवट बकालची. आमच्याकडे जिल्ह्याचे दोनच भाग, घाटावर आणि घाटाखाली. मी घाटाखालची. आमच्या कापसाच्या गाठी ट्रकमध्ये भरून पार तिकडे दक्षिणेत, गिरण्यांना जायच्या. हे तेव्हा तो ट्रक चालवायचे. गाठी कोइमतूरला उतरल्या, मीही तिथेच उतरले. त्याला आता इतकी वर्षं झाली की स्वप्नातली भाजीवालीसुद्धा तमिळ बोलते.

तमिळ मी कानानं शिकले. लिहिणं कुठल्याच भाषेत आलं नाही. शाळा पाचवीत सुटली ती सुटलीच. त्याच्या आधीचं एक आठवतं. गुरुजींनी शब्द सांगितले आणि मी पाटीवर लिहिले: गुय, डोया, शाया. आमच्या तोंडात ळ नाहीच. आम्ही डोळ्याला डोया म्हणतो आणि गुळाला गुय. जसं बोलायचं तसं लिहिलं. गुरुजींनी फुल्या मारल्या आणि विचारलं, "ळ कुठं गेला? खाल्ला का गुळासंगं?" वर्ग हसला. वाचता मला येतं, अडखळत. पण हातात लेखणी घ्यायची म्हटलं की बोटं अजून गार पडतात.

हे सगळं सांगायचं कारण शमीम.

शमीम माझी भुलाबाईच्या खेळातली मैत्रीण. तिच्या घरी बांगड्यांचं दुकान. मी तिकडे दूर गेले तरी दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन यायचा. तासभर. कोणाच्या घरी काय शिजलं इथपासून. मग वर्षापूर्वी फोन थांबले. तिच्या सुनेनं, रुखसारनं, सांगितलं, "मावशी, अम्मीले आता बिलकूल आयकू येत नाही. कानात मशीन लावलं, तं म्हणतात भांडे आदयल्यासारखं होते, काढून फेकते. तुम्ही लिहून पाठवत जा."

लिहून! मी मोबाईल घेऊन बसायचे. तू कशी आहेस, एवढ्यासाठी दुपार जायची. मग ते पुसून टाकायचे आणि फुलांचं चित्र पाठवायचे. तिला ऐकू येईना, मला लिहिता येईना. इतक्या वर्षांचं बोलणं असं दोन्ही टोकांनी बंद झालं. महिनोन् महिने मी फुलंच पाठवली. गुलाब, कमळ, पुन्हा गुलाब.

आम्ही येतोय असं यांनी कळवलं तेव्हा तिचं उत्तर आलं. मी ते बोट ठेवून ठेवून वाचलं. "येऊ नको. तू बोलशील आणि मी डोळे फाडून तोंडाकडे पाहत बसेन. त्यापेक्षा आपला आधीचा काळ आठव." एकही चूक नव्हती. प्रत्येक ळ जागेवर.

"तिनं नाही म्हंतलं हाय," हे म्हणाले. "मंग कायले जातं?"

"लिहून नाही म्हटलंय," मी म्हणाले. "तोंडानं म्हणू दे."

आणि त्याच दिवशी बाजारात जाऊन डब्यात कमरकट भरले. कमरकट म्हणजे तिकडची गूळ-खोबऱ्याची गोळी, बोराएवढी आणि दगडासारखी. नवीन असताना पहिल्यांदा खाल्ली तेव्हा माझ्या दाढेचा तुकडा पडला होता. मी शमीमला फोनवर रडत सांगितलं आणि ती इतकी हसली की दुकानातलं गिऱ्हाईक निघून गेलं.

*

दुसरबीडला कमल असते. तीही आमच्या भुलाबाईतली. इथे दिली आणि घाटावरची झाली. रस्त्याला लागून तिचं चहा-भज्यांचं दुकान आहे. आम्ही दुकानाशेजारी गाडी लावली, यांनी बाजूचं दार सरकवलं, सावलीचं कापड बाहेर ओढलं आणि दोन खुर्च्या मांडल्या. मी चहा टाकायला आत वळले, परत बाहेर पाहिलं तर चार म्हाताऱ्या रांगेत उभ्या. एकीच्या हातात चष्मा.

"डाक्टरीन बाई," पहिली म्हणाली, "मला जवळचं दिसत नाही आन् लांबचंबी. आधी कोणतं तपासता?"

"अहो मी डॉक्टर नाही."

"मंग नर्स असशील. बस की, घाई नाही आमाला."

कमल पदराला हात पुसत आली आणि हसून हसून खाली बसली. डोळे तपासायची फिरती गाडी दर पावसाळ्यानंतर येते म्हणे, अशीच पांढरी. ही राहायची गाडी आहे असं तिनं सांगितलं, तर त्यांना ते आणखीच खोटं वाटलं. घर असताना गाडीत कशाला राहील कोणी? शेवटी एकेकीनं आत येऊन पलंग दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला. चष्मेवाली जाताना म्हणाली, "चूल दारात आन् न्हाणी उशाला. पोरी, सांभाळून राहा."

कमलनं सीताफळं दिली, तिच्या बांधावरची, डोळे उघडलेली. ती खाताना आम्ही बोललो नाही. सीताफळ खाताना बोलता येत नाही. बिया तोंडात फिरवत माणूस आपोआप लहान होतं. मग कमलनं बिया हातावर काढल्या आणि माझ्या डब्याकडे पाहिलं.

"शमीमसाठी?"

"हो."

"नको जाऊ वं. मी गेली होती उन्हायात. भिंतीकडं तोंड करून बसली. माह्या लेकीच्या लग्नालेबी आली नाही." घाटावर इतकी वर्षं काढूनही आमच्याशी बोलताना तिची जीभ घाटाखाली उतरते. "अन् हे डबा वाजवून दाखवशील तिले? तिच्यासमोर? थे समजंल तू चिडवून राह्यली."

हे मला सुचलंच नव्हतं. सीताफळाचा गोडवा तोंडात तसाच राहिला. पण मी डबा खाली ठेवला नाही.

*

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांना तो डबा कळायचा नाही.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्या गावात संध्याकाळ पोरींची असायची. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. कोनाड्यात भुलोजी-भुलाबाई, समोर दिवा, आणि आम्ही गोल करून टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायचो. आवाज फुटेपर्यंत. पण गाणी संपायची वाट सगळ्याच पाहायच्या, कारण मग खाऊ. खाऊ असा हातावर मिळायचा नाही. घरवाली पोरगी बंद डबा आणायची आणि हलवायची. वाजतं ते काय, ओळखा. ओळखल्याशिवाय कडी निघायची नाही. गोड का तिखट? गोल का लांब? मऊ का कडक? एका शब्दात उत्तर द्यायचं, जास्त बोलली तर ती हरली.

शमीमसमोर सगळ्या हरायच्या. ती मणियारांची पोर, बांगड्यांच्या ढिगात वाढलेली. तिच्या अम्मीच्या हाताखाली बसून ती नुसत्या किणकिणीवरून चिरलेली बांगडी बाजूला काढायची. डब्याला कान लावायची, डोळे मिटायची. "मुरमुरे हायेत, पण तेल लागलेलं." "फुटाणे नाही, डाया होय, सालाच्या." तिच्या घरची पाळी आली की तिची अम्मीही डबा भरून द्यायची आणि दारात उभी राहून आमची फजिती पाहायची. कोणी शमीमला फसवायला शेव फडक्यात बांधून आणली तरी ती सांगायची, "शेव. अन् फडकं ओलं हाय."

त्या आवाजांचा एक महिना होता. टिपऱ्यांचा, डब्यांचा, लांबून येणाऱ्या कोणाच्या तरी आईच्या हाकेचा. वर्षातले बाकीचे महिने मला आता दिसतात. तो महिना मात्र फक्त ऐकू येतो.

*

लोणारला आम्ही कड्यावर उभे राहिलो. खाली ती प्रचंड वाटी, काठानं दाट झाडी, आणि मध्ये हिरवट पाणी. हे गाडीच्या सावलीत पडले. मी एकटीच थोडी खाली उतरले.

माझी शाळा सुटली त्याच्या पुढच्या वर्षी वर्गाची सहल लोणारला आली होती. शमीम आली, मी नाही. परत गेल्यावर ती आमच्या ओट्यावर बसली आणि तिनं मला लोणार सांगितलं, तिच्या पद्धतीनं. डोळ्यांचं काहीच नाही. "आधी वारा आयकू येते. मंग दहा पावलं उतरलं की वारा बंद. एकदम, कोनी दार लावल्यासारखं. मंग मोर. अन् पाणी पाह्य, एवढं मोठं पाणी, पण चुप. नदीसारखं काईच बोलत नाही." त्या एका संध्याकाळीत मी सहलीला जाऊन आले. मला न नेल्याचं वाईट तिनं वाटूच दिलं नाही.

मी उतरले आणि वारा बंद झाला. कोणी दार लावल्यासारखा. मग मोर ओरडला. पाणी चूप होतं. इतक्या वर्षांनी तिचा शब्द न् शब्द जागेवर होता, आणि तो सांगणाऱ्या पोरीला आता मोर ऐकू येणार नव्हता. मी तिथे दगडावर बसून रडले थोडी. मग तोंड पुसलं आणि वर आले. यांनी विचारलं, कसं हाय? मी म्हटलं, जसं सांगितलं होतं तसंच.

चिखलीवरून पुढे निघालो. उंद्रीला भाजी घेतली, ताजी मेथी, तिच्या मुळांना काळी माती तशीच. पुढे रस्ता घाट उतरायला लागला. कान दडपले. खाली लांबवर सपाट पांढरं रान दिसत होतं, फुटलेल्या कापसाचं, आणि त्याच्याही पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. ते रान दिसलं आणि मला तो रिकामा डबा आठवला. तो मी विसरलेच नव्हते, पण उतारावर तो एकदम समोर आला.

त्या वर्षी आमच्या घरी भुलाबाईची पाळी होती. आई अंथरुणात होती. घरात काय होतं आणि काय नव्हतं ते सांगून आता उपयोग नाही. गाणी झाली, पोरी गोल करून बसल्या. मी आत गेले, हाच कडीचा डबा घेतला, कडी लावली आणि बाहेर आले. दुसरं काय करणार होते? हलवला. आवाज नाही. कमल म्हणाली, जोरात हलव. जोरात हलवला. आवाज नाही. पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"आण इकडं," शमीम म्हणाली. तिनं डबा घेतला. कानाला लावला, डोळे मिटले. तिच्या हाताला तो किती हलका लागला असेल ते मला तेव्हाच कळलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"ओयखलं म्या," ती म्हणाली. "पण सांगत नाही."

पोरींनी आरडाओरडा केला. असं कुठं असतं का! ती उठली, डबा ओढणीखाली घेतला आणि म्हणाली, "एवढी भारी चीज मले आजवर कोनी दिली नाही. हे मी घरी नेतो. तुमी उद्या या." दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो तुपात भाजलेल्या गोड शेवयांनी भरून, अजून कोमट. सगळ्या पोरींना वाटलं, आमच्या घरच्याच. त्यानंतर आजपर्यंत, इतक्या शुक्रवारच्या इतक्या फोनांत, तिनं त्या डब्याचं नाव काढलं नाही. मीही नाही.

तोच डबा माझ्या मांडीवर घाट उतरत होता. हे म्हणाले, "आता तं माहा बी जीव लागला त्याच्यावर. थांबला की वाटते गाडी बंद पडली."

*

शेगाव मागे पडलं, पूर्णेचा पूल झाला आणि टाकीतलं पाणी संपत आलं म्हणून एका हापशीवर थांबलो. ओंजळ तोंडाला लावली. खारट. आमच्या पट्ट्यातलं पाणी असंच, चहात साखर कितीही घाला, मागून मिठाची चव येतेच. सोबतच्या बाटलीतलं कोइमतूरचं गोड पाणी मी झाडाला ओतून टाकलं.

वरवटला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. कोजागिरीचा दिवस. बांगड्यांचं दुकान तिथेच, आता काउंटर काचेचं. रुखसारनं मला ओळखलं आणि हात धरून आत नेलं.

शमीम खाटेवर बसली होती. केस पांढरे, चेहरा तोच. मला पाहून उठली नाही.

"काऊन आली?" ती ओरडून बोलली. आपला आवाज किती मोठा आहे ते तिला कळत नव्हतं. "नको येऊ म्हंतलं होतं ना मी!"

वाटेत मी कितीतरी वाक्यं जुळवली होती. एकही उपयोगाचं नव्हतं. रुखसारनं भिंतीवरच्या खिळ्याची पाटी काढून माझ्या हातात दिली, वर लेखणी. घरात सगळे असेच बोलतात तिच्याशी.

"लिही," शमीम म्हणाली. "एवढ्या दुरून आली तं लिही काय बोलायचं थे."

बोटं गार पडली. त्या काळ्या पाटीवर मला गुरुजींच्या फुल्या दिसल्या. मी पाटी खाटेवर ठेवली आणि पिशवीतून डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं डबा पाहिला. चेहरा असा आवळला की कमलचे शब्द कानात वाजले. तिनं तो उचलून एकदाच जोरात हलवला. सगळं घर दणाणलं, रुखसार दचकली. शमीमच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मस्करी करून राह्यली माही? मले आता सगयेच डबे रिकामे!"

आणि तो बाजूला टाकून ती भिंतीकडे वळली.

हे दारातून म्हणाले, "चाल वं. राहू दे तिले." मी मान हलवली, नाही. मी जाणार नव्हते. गाडी दारात होती, पलंग गाडीत होता, मेथी गाडीत होती. मी कितीही दिवस बसू शकत होते. रुखसारनं चहा दिला, खारट चहा. मी तो शमीमच्या पाठीकडे पाहत प्यायले. उजेड उतरला. लांबून कुठून तरी टिपऱ्यांचा आवाज आला, दोन-चार पोरींचा, बारीक. म्हणजे कोणीतरी अजून बसवतं. शमीमला तो ऐकू आला नाही. पण उंबऱ्यावर चांदणं पडलं ते तिला दिसलं असावं.

"कोजागिरी हाय आज," ती भिंतीलाच म्हणाली.

मग वळली. डब्याकडे पाहिलं. हळूच दोन्ही तळव्यांत धरला, झाकणावर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि सावकाश हलवला. जसं पाळण्यातलं मूल हलवतात.

"जड हाय," ती पुटपुटली. "हनुटीले ठोके लागते." आणि डोळे न उघडता विचारलं, "गोड का तिखट?"

मी तोंड उघडलं. तिनं डोळे उघडून पाटी माझ्याकडे ढकलली. एका शब्दात उत्तर द्यायचं, जास्त नाही. एका शब्दात! मी लेखणी उचलली. गोड, मी लिहिलं. अक्षरं वाकडी, पण होती.

"गोल का लांब?"

गोल.

"मऊ का कडक?"

कडक.

"कायचं हाय? साखरेचं, का?"

मी लिहिलं आणि पाटी तिच्यासमोर धरली. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग शमीम हसली. दुकानातलं गिऱ्हाईक घालवणारं तेच हसू, फक्त आता तिच्या आवाजाला बांध नव्हता.

"गुय! अवं माय, अजून गुयच लिहितं तू? पाह्य वं रुखसार, मावशीनं गुय लिहिलं!"

हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं माझं मनगट धरलं, लेखणीसकट. माझ्या हातानं पाटीवर एक गोल काढला, त्याला चिकटून दुसरा.

"हे पाह्य. दोन बांगड्या. एकमेकीले टेकवून ठेवल्या की झाला ळ. एवढंच. एवढ्याले भेतं का?"

मग डबा पुन्हा हनुवटीला लावला. "आता सांगू? तुह्या तिकडचं, दात तोडणारं! कमरेचं काईतरी नाव हाय त्याचं!"

"कमरकट!" मी ओरडले, आणि मग तिला ऐकू येत नाही हे आठवून लिहिलं.

"हाव! कमरकट! काढ कडी."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीच्या दाराशी आली. पलंगावर बसली, यांना म्हणाली, "दाजी, पूर्णेपर्यंत नेऊन आणा." रस्ताभर तिनं गाडीच्या पत्र्याला तळवा लावून ठेवला होता. खड्डा आला की माझ्याकडे पाहून भुवया उडवायची. "हे आयकू येऊन राह्यलं मले," ती म्हणाली. परतल्यावर तिनं डबा माझ्या कानाशी धरला आणि हलवला.

"सांग."

मी लिहिलं ते चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिला ऐकायचं नव्हतंच काही, भरलं तिनं होतं, ओळखायचं मला होतं. आम्ही दोघी एकदमच थांबलो. दोघींना एकदमच कळलं, हा खेळ फोनवरही जमेल.

डबा मी तिच्याकडेच ठेवून आले.

आता कोइमतूरच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक पाटी लटकते. दर शुक्रवारी दुपारी फोन येतो, चित्राचा. फोनभर आधी शमीमचे हात दिसतात, मग डबा. "सांग!" मी प्रश्न लिहिते, ती उत्तर देते. मी उत्तर लिहिते, ती चुका काढते. शंकरपाळे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिले, ती हसून लोळली. खेळ संपला की पाटीवर इकडचं तिकडचं लिहिते, कोणाच्या घरी काय शिजलं ते. आधी दोन शब्द, मग ओळ, मग पाटी भरायला लागली म्हणून कागद. हे जे लिहिलंय ते त्याच कागदांवर. तिनं दोनदा तपासलंय, शेवटचं सोडून.

शेवटचं गेल्या शुक्रवारचं. तिनं डबा हलवला. मला काही ऐकू आलं नाही. मी फोनचा आवाज वाढवला, कानाला लावला. शेजारचा कुकर ऐकू आला, रस्त्यावरचा फुलवाला ऐकू आला. डबा नाही. तिनं पुन्हा हलवला, जोरात. मी पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी साळसूद होता, ओठ मात्र घट्ट मिटलेले.

मी पाटी घेतली. सावकाश लिहिलं, दोन बांगड्या एकमेकींना टेकवून. आणि धरली समोर.

ओळखलं मी. पण सांगत नाही.

तिनं ओठ हलवत वाचलं. डबा मांडीवर ठेवला. मग नाक ओढलं आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "ळ चांगला निघाला वं आज."